भिंत भिजते तासांत, वाळते महिन्यांनी

पूर ओसरला की घरातली माणसे खराटा, फावडे आणि घमेले घेऊन कामाला लागतात. चार-सहा दिवसांत गाळ निघतो, फरशी पुसली जाते. दोन दिवस पंखा लावला की भिंतही हाताला कोरडी लागते. मग वाटते, झाले, घर वाळले. बहुतेकांची फसगत इथेच होते. हाताला लागतो तो भिंतीचा फक्त वरचा पापुद्रा. आतली वीट, चिरा, फरशीखालचा मुरूम आणि चौकटीचे लाकूड तेव्हाही पाण्याने भरलेले असते.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि घराघरांत शिरले. त्या वर्षीची गणेशचतुर्थी १० सप्टेंबरला होती. मधे दिवस मिळाले पन्नास. कोकणात गणपती यायच्या आधी घराला रंगाचा हात फिरवायचा असतो. पूर पाहिलेल्या घरात तर ही ओढ आणखी तीव्र असते, कारण भिंतीवरची ती चिखलाची रेघ डोळ्यांसमोर नकोशी होते. पण पन्नास दिवसांत, तेही श्रावण-भाद्रपदाच्या हवेत, भिजलेली भिंत वाळू शकते का? उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असेच आहे. ते तसे का, आणि मग करायचे काय, हे समजून घेतले तर पैसाही वाचतो आणि घरातल्यांची छातीही.

भिंतीत किती पाणी मावते?

भाजलेली वीट वरून घट्ट दिसली तरी आतून ती असंख्य बारीक वाटांनी भरलेली असते. वातीतून तेल चढावे तसे पाणी या वाटांतून आत आणि वर चढते. म्हणून घरात दोन फूट पाणी आले असेल, तर ओल तीन-चार फुटांपर्यंत दिसते. भारतीय मानकानुसार साधी वीट स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी शोषू शकते. तीन किलोच्या विटेत हे पाणी अर्ध्या लिटरहून अधिक होते.

आता एक साधा हिशेब करू. दहा फूट लांबीची, नऊ इंची भिंत तीन फूट उंचीपर्यंत भिजली आहे. एवढ्या भागात साधारण साडेतीनशे विटा येतात. प्रत्येक विटेने मर्यादेच्या निम्मेच, म्हणजे तीनशे मिलिलिटर पाणी घेतले असे धरले, तरी एका भिंतीत शंभर लिटरच्या आसपास पाणी झाले. खोलीला भिंती चार. त्यात कोकणातला जांभा तर विटेपेक्षाही सच्छिद्र असू शकतो.

हे पाणी आत शिरते ते द्रवरूपाने आणि झपाट्याने. बाहेर पडते ते मात्र वाफ होऊन. सुरुवातीला भिंतीचा पृष्ठभाग ओला असतो, तेव्हा पंख्याचा वारा लागला की पाणी भराभर उडते. नंतर वरचा थर कोरडा होतो आणि पाण्याची सीमा आत सरकते. आता आतली वाफ बारीक वाटांतून वाट काढत बाहेर येणार. या टप्प्यात पंखा दुप्पट वेगाने फिरवला तरी फारसा फरक पडत नाही, वेळच द्यावा लागतो. जाड भिंतीला प्रत्येक इंचामागे एक महिना, असा बांधकामातला एक ठोकताळा आहे. तोही हवा बरी असेल तेव्हाचा. नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी वाळत असली तरी तिला चार-पाच महिने लागतात ते यामुळे.

पाणी किती वेळ उभे होते, यावरही बरेच ठरते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली आणि कोल्हापूरच्या अनेक भागांत पाणी कित्येक दिवस हटले नव्हते. अशा घराच्या भिंती काही तास पाण्यात राहिलेल्या घरापेक्षा खोलवर भिजतात आणि वाळायलाही जास्त काळ घेतात. शेजाऱ्याचे घर लवकर वाळले म्हणून आपलेही वाळले असेल, हे गृहीत धरू नये.

पावसाळ्याची हवा आधीच भरलेली

पाणी उडून जायचे तर हवेत त्याला जागा हवी. हवेची पाणी धरून ठेवण्याची क्षमता तापमानानुसार वाढते. जुलैत बाहेर २७ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर एक घनमीटर हवेत आणखी जेमतेम अडीच ग्रॅम पाणी मावते. ऑक्टोबरच्या दुपारी ३२ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल, तर तेवढ्याच हवेत सुमारे १७ ग्रॅम पाण्याला जागा असते, म्हणजे जवळपास सातपट. दसऱ्याच्या सुमारास ओले कपडे तासाभरात वाळतात आणि जुलैत दोन दिवस कुबट राहतात, त्यामागचे गणित हेच. भिंतीलाही ते लागू पडते.

म्हणून ‘सगळ्या खिडक्या दिवसरात्र उघड्या ठेवा’ हा सल्ला पावसाळ्यात सरसकट पाळू नये. पहिले आठ-दहा दिवस घरात पाणी साचलेले, पृष्ठभाग ओले असतात. घरातली हवा बाहेरच्याहून ओली असते. तेव्हा खिडक्या-दारे उघडी हवीतच. समोरासमोरची दोन दारे उघडून एका बाजूला पंख्याचे तोंड बाहेरच्या दिशेने ठेवले की ओली हवा ढकलली जाते. त्यानंतर मात्र पाऊस कोसळत असताना खिडक्या लावून घ्याव्यात आणि उघडीप मिळाली, ऊन पडले की उघडाव्यात. काही शे रुपयांत आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र मिळते. दोन घेतली, एक घरात आणि एक गॅलरीत ठेवले, तर अंदाज चटकन येतो. दोन्हीकडचे तापमान सारखे असेल तेव्हा बाहेरचा आकडा कमी दिसला की खिडकी उघडायची. घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली आणणे हे आपले लक्ष्य. त्याच्या वर ती सतत राहिली तर बुरशीला मोकळे रान मिळते.

ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी तो ‘ड्राय मोड’वर चालवावा, अर्थात विजेची तपासणी झाल्यानंतरच. एसीच्या नळीखाली बादली ठेवून पाहा. त्यात जमते ते खोलीतल्या हवेतून काढलेले पाणी. ओलावा शोषणारे यंत्र, म्हणजे डीह्युमिडिफायर, हेच काम करते. ते भाड्याने मिळाले तर उत्तम. ही यंत्रे चालू असताना खिडक्या बंद हव्यात. नाहीतर आपण बाहेरचा पाऊस वाळवत बसतो. कपाटात ठेवायच्या ओलावा शोषणाऱ्या डब्या कपाटापुरत्याच ठीक आहेत. भिंतीतल्या शेकडो लिटर पाण्यापुढे त्यांचे काही चालत नाही.

काही घरांत खोली तापवण्यासाठी गॅसची शेगडी पेटवून ठेवतात. तिचा उपयोग तर नाहीच, उलट नुकसान आहे. एक किलो स्वयंपाकाचा गॅस जळला की सुमारे दीड किलो पाण्याची वाफ तयार होते आणि ती खोलीतच राहते. कोळशाची शेगडी किंवा जनरेटर घरात लावणे तर जिवावर बेतू शकते. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही आणि झोपेत असलेल्या माणसाला तो कळतही नाही. जनरेटर बाहेर, खिडक्या-दारांपासून लांबच ठेवावा.

घरात पाऊल टाकण्याआधी

पाणी उतरल्यावर पहिली घाई घरात शिरण्याची होते. त्याआधी भिंतींकडे बाहेरून नीट पाहा. मातीत बांधलेल्या भिंती भिजल्या की त्यांचा जोर जातो आणि पाणी उतरल्यानंतर, ऊन पडल्यावरही त्या कोसळू शकतात. नवी तडा, बाहेर आलेला पोटरा, खचलेला कोपरा दिसला तर जाणकाराने पाहिल्याशिवाय आत जाऊ नये.

दुसरी गोष्ट वीज. मेन स्विच बंद आहे याची खात्री करा. तो गाठण्यासाठी पाण्यात उभे राहावे लागणार असेल तर हात लावू नका, वीज कंपनीच्या माणसाला किंवा वायरमनला बोलवा. आजकालच्या घरांत वायरी भिंतीतल्या पाइपमधून जातात. भिंत वरून वाळली तरी या पाइपांत पाणी साचून राहते. म्हणून वायरमनकडून ‘मेगर’ लावून वायरींचे इन्सुलेशन तपासून घ्यावे. पाण्याखाली गेलेली बटणे, सॉकेट आणि एमसीबी वाळवून पुन्हा वापरण्यापेक्षा बदलणे शहाणपणाचे. फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर ‘चालतो का बघू’ म्हणून लावून पाहू नये. आधी दुरुस्ती करणाऱ्याला दाखवावे. तपासणी होत असतानाच गळती ओळखून वीज तोडणारे आरसीसीबी बसवून घेतले, तर पुढच्या ओल्या महिन्यांत तो मोठा आधार होतो.

तिसरे काम छायाचित्रांचे. पाण्याची रेघ, बिघडलेल्या वस्तू, त्यांचे मॉडेल क्रमांक यांची छायाचित्रे साफसफाईआधी काढा. पंचनामा आणि विमा, दोन्हींसाठी ती लागतात.

आधी गाळ, मग धुणे, मग वाळवणे

हा क्रम उलटा झाला की काम दुप्पट होते. गाळ ओला असताना फावड्याने सहज निघतो. सुकला की तो सिमेंटसारखा बसतो आणि नंतर त्याची धूळ नाकातोंडात जाते. पुराच्या पाण्यात गटाराचे पाणी, गोठ्यातला कचरा, डिझेल, खते असे सगळेच मिसळलेले असते. त्यामुळे गमबूट, रबरी हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय गाळाला हात लावू नये.

यातला मोठा धोका लेप्टोस्पायरोसिसचा. उंदीर आणि जनावरांच्या मूत्रातून हे जंतू पाण्यात येतात आणि पायाच्या भेगा, बारीक जखमा यांतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर शहरात या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले होते. गाळ काढल्यानंतरच्या दोन-चार आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळे लाल होणे असे काही झाले तर घरगुती उपाय करत बसू नका. डॉक्टरांकडे जा आणि ‘पुराच्या पाण्यात काम केले होते’ हे आवर्जून सांगा. प्रतिबंधक गोळी घ्यायची की नाही, हेही त्यांनाच ठरवू द्या.

गाळ निघाला की स्वच्छ पाणी आणि साबणाने घासून धुणे. त्यानंतर निर्जंतुकीकरण. नगरपालिका, ग्रामपंचायती ब्लीचिंग पावडर वाटतात. साधारण ३० ते ३३ टक्के क्लोरीनची पावडर असेल तर दहा लिटरच्या प्लास्टिकच्या बादलीत दीडशे ग्रॅम पुरते. फरशी आणि टाइल्सवर हे द्रावण दहा मिनिटे राहू द्यावे आणि मग पुसून घ्यावे. चिखल तसाच ठेवून वर पावडर भुरभुरवली तर क्लोरीन चिखलातच संपून जाते. आणि एक गोष्ट कधीही करू नका: ब्लीचिंग पावडरमध्ये शौचालय साफ करायचे आम्ल किंवा अमोनिया मिसळू नका. त्यातून निघणारे वायू बंद न्हाणीघरात जीवघेणे ठरू शकतात.

धुऊन झाले की भिंतीला श्वास घ्यायला जागा करून द्यायची. कपाटे, पलंग, शोकेस भिंतीपासून हात-दीड हात पुढे ओढा. भिंतीवर चिकटवलेला वॉलपेपर, प्लास्टिकच्या पट्ट्या, लाकडी पॅनेल काढा. ती तशीच राहिली तर मागे बुरशीची शेती होते. गिलाव्यावर बोटांनी टकटक करून बघा. पोकळ आवाज आला तर तेवढा गिलावा काढून टाकलेला बरा. जिप्सम बोर्डाची पार्टिशन भिजली असेल तर पाण्याच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत कापून काढावी लागते. फरशीच्या कडेची पट्टी दोन-चार ठिकाणी उखडली की खालच्या भरावातल्या ओलीलाही वाट मिळते. टेबलफॅन भिंतीवर सरळ न रोखता भिंतीच्या कडेने वारा जाईल असा ठेवा आणि रोज त्याची जागा बदला.

या काळात घरात नवे पाणी आणू नका. ओले कपडे खोलीत वाळत घालणे, झाकण न ठेवता तासन्‌तास भाजी-भात उकळणे, फरशी रोज भरपूर पाण्याने पुसणे यातून लिटरभर पाणी सहज हवेत जाते.

काय ठेवायचे, काय टाकायचे

घरातल्या वस्तू टाकताना जीव तुटतो, पण काही बाबतींत मन घट्ट करावे लागते. पुराच्या पाण्यात बुडालेल्या कापसाच्या आणि फोमच्या गाद्या, उशा आतून स्वच्छ होत नाहीत. भुशाच्या फळ्या, म्हणजे पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ, फुगल्या की परत पूर्ववत होत नाहीत. मॉड्युलर किचनचे खालचे खण बहुधा याच फळ्यांचे असतात. भिजलेले धान्य, डाळी, पीठ आणि उघडी राहिलेली औषधे टाकून द्यावीत. धान्य वाळवून दळले तरी त्यात वाढलेल्या बुरशीचे विष भाजल्याने वा शिजवल्याने पुरते नष्ट होत नाही.

सागवानासारखे भरीव लाकूड मात्र वाचते. ते धुऊन सावलीत, हवेशीर जागी हळूहळू वाळवावे. कडक उन्हात ठेवले तर तडकते. दारे फुगली, चौकटीत अडकू लागली की सुताराला बोलावून रंधा मारायची घाई होते. ती टाळा. लाकूड वाळले की आकसते आणि रंधा मारलेल्या दाराला मग बोटभर फट राहते. ओल्या लाकडाला वाळवीही लवकर लागते, म्हणून चौकटींचे तळ दर आठवड्याला टोचून पाहावेत.

कागदपत्रे आणि पुस्तके यांची एक युक्ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. सगळे एकदम वाळवणे जमणार नसेल तर ती स्वच्छ पाण्यात हलकेच विसळून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवावीत. स्वतःचा फ्रिज बंद असेल तर पुराबाहेरच्या नातेवाइकाच्या. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही. मग सवड मिळेल तशी थोडी थोडी काढून, पानांत टिपकागद घालून पंख्याखाली वाळवता येतात. एकमेकांना चिकटलेली छायाचित्रे कोरडी असताना ओढू नका. स्वच्छ थंड पाण्यात भिजवली की ती बऱ्याचदा आपोआप सुटतात.

भिंतीवरचा काळा डाग

बुरशीचे बीज हवेत सगळीकडे असतेच. तिला ओल आणि खाद्य मिळाले की २४ ते ४८ तासांत ती वाढीला लागते. कागद, लाकूड, कापड, रंगातले घटक, भिंतीवरची धूळ हे सारे तिचे खाद्य. २००५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सच्या परिसरात घरांची पाहणी झाली, तेव्हा जवळपास निम्म्या घरांत डोळ्यांना दिसेल इतकी बुरशी आढळली होती. आपल्याकडची दमट हवा तिला आणखीच मानवते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. ओलसर घरांत राहणाऱ्यांमध्ये खोकला, छातीत घरघर, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि दम्याचा त्रास वाढणे यांचे प्रमाण अधिक असते, असे त्यात नोंदवले आहे. घरात दम्याचा रुग्ण, तान्हे मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर सर्वांत कोरडी खोली त्यांना द्या. शक्य असेल तर सुरुवातीचे काही आठवडे त्यांची सोय दुसरीकडे करा.

२०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत ‘काळी बुरशी’ हा शब्द घरोघरी पोचला. त्यामुळे भिंतीवर काळे डाग दिसले की लोक धास्तावतात. भिंतीवरचे काळे ठिपके आणि तो आजार एकच नव्हेत. म्युकरमायकोसिसला काळी बुरशी म्हणतात ते त्यात शरीरातल्या मृत पेशींचा भाग काळा पडतो म्हणून, बुरशीच्या रंगावरून नव्हे. धडधाकट माणसाला भिंतीवरच्या बुरशीमुळे तो आजार होण्याची भीती नको. मात्र ज्यांचा मधुमेह आटोक्यात नाही, जे स्टिरॉइड किंवा कर्करोगाचे उपचार घेत आहेत, ज्यांच्यावर अवयव प्रत्यारोपण झाले आहे, त्यांनी बुरशी घासण्याचे काम अजिबात करू नये आणि ते चालू असताना त्या खोलीत थांबूही नये.

बुरशी कोरडी झाडू नका, तिचे बीज घरभर उडते. एन-९५ मास्क, चष्मा आणि हातमोजे घालून आधी ती ओली करा. मग साबणाच्या पाण्याने घासा, फडक्याने टिपा आणि ते फडके पिशवीत बांधून टाकून द्या. टाइल्स, काच, धातू यांवर हे पुरते. गिलाव्यात किंवा फळीत खोल गेलेली बुरशी ब्लीच लावून पांढरी होते, जात नाही. मेलेली बुरशीही अॅलर्जी देऊ शकते. तो भाग काढून टाकणे आणि ओलीचे मूळ थांबवणे हाच उपाय.

हे पुरापुरतेच नाही. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून झिरपणारे पाणी, गच्चीची गळती, फुटलेला पाइप यांनाही हाच नियम. पाणी येण्याची वाट बंद होईपर्यंत वाळवण्याचे सगळे कष्ट वाया जातात.

रंगाची घाई नको

आता पन्नास दिवसांच्या प्रश्नाकडे येऊ. भिंत आतून ओली असताना तिच्यावर पुट्टी आणि ऑइलपेंट किंवा चकचकीत प्लास्टिक पेंट लावला, तर आतल्या वाफेची वाट बंद होते. ती रंगाला मागून ढकलते. आधी फोड येतात, मग पोपडे निघतात. त्याच वेळी विटेतले आणि पुराच्या पाण्यातले क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागापर्यंत येतात, पाणी उडाले की तिथेच साचतात. यालाच आपण लोणा लागणे म्हणतो. क्षारांचे स्फटिक वाढताना गिलाव्याला आतून फोडतात. दिवाळीपर्यंत तीच भिंत पुन्हा खरवडावी लागते आणि रंगाऱ्याची मजुरी दोनदा द्यावी लागते. वॉटरप्रूफ लेप देऊन ओल ‘दाबणे’ हाही तोच प्रकार. भिंतीत अडकलेली ओल मग दुसऱ्या बाजूने, शेजारच्या खोलीत निघते.

मग गणपतीला घर तसेच ठेवायचे का? नाही. जुन्या लोकांचा चुना इथे कामी येतो. चुन्याचा हात भिंतीतली वाफ अडवत नाही, भिंत उजळ दिसते, शिवाय ताजा चुना क्षारधर्मी असल्याने बुरशीला लवकर जम बसू देत नाही. तो स्वस्तही पडतो. काही ठिकाणी डाग उमटतील, लोणा दिसेल. तो पाण्याने न धुता कोरड्या ब्रशने झाडून घ्यावा, कारण धुतला तर क्षार विरघळून पुन्हा आत जातात. बाप्पाच्या मखरामागे कापडी पडदा सोडायचा असेल तर भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून सोडा.

पक्का रंग केव्हा द्यायचा, हे कॅलेंडरवर न ठरवता भिंतीला विचारा. त्यासाठी एक सोपी चाचणी आहे. दीड फूट लांब-रुंद जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घ्या, तो भिंतीच्या खालच्या भागावर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा आणि पूर्ण एक दिवस तसाच राहू द्या. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले किंवा त्यामागची भिंत गडद दिसली तर भिंत अजून ओली आहे. वेगवेगळ्या भिंतींवर, विशेषतः उत्तरेकडच्या आणि न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतींवर, ही चाचणी करा. पंधरा दिवसांनी पुन्हा करा. लागोपाठ दोनदा प्लास्टिक कोरडे निघाले की रंगाऱ्याला बोलवायला हरकत नाही. रंगाच्या दुकानदाराकडे किंवा ठेकेदाराकडे ओल मोजणारे दोन टोकांचे मीटर असेल तर त्याचाही आधार घ्यावा.

बहुतेक पूरग्रस्त घरांसाठी वेळापत्रक साधारण असे बसते. पहिला आठवडा गाळ, धुणे आणि वीज तपासणीचा. पहिला महिना पंखे, एसी, सरकवलेली कपाटे आणि उखडलेला गिलावा यांचा. गणपतीला चुना. ऑक्टोबरचे ऊन पडले की दिवसभर सगळ्या खिडक्या उघड्या, कारण वर्षातली फुकटची वाळवणी हीच. दिवाळीनंतर पहिली प्लास्टिक चाचणी. पुट्टी, रंग आणि नवे फर्निचर त्यानंतर, काही घरांत थेट माघ-फाल्गुनात. सुतार आणि रंगारी यांना पुराच्या दुसऱ्या महिन्यात आगाऊ रक्कम देण्याऐवजी तो पैसा आरसीसीबीसाठी, चांगल्या पंख्यांसाठी आणि भाड्याच्या डीह्युमिडिफायरसाठी ठेवला तर अधिक उपयोगी पडतो.

पाहुणे भिंतीकडे बघून काय म्हणतील, ही काळजी या महिन्यांत बाजूला ठेवा. कोणी विचारले तर ‘भिंत वाळतेय’ एवढे सांगणे पुरे. पूर पाहिलेल्या गावात ते सगळ्यांना समजते.